चुकीच्या जागी फुली

भरती लागायच्या वेळी जेटीच्या शेवटच्या पायरीवर नवेकोरे बूट काढून ठेवणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर बाहेरगावचा. मच्छीमार सोसायटीच्या खिडकीत बसून ती गेली दहा मिनिटं हाच विचार करत होती. माणूस तिशीचा असावा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता आणि हातातल्या आकडे रंगवलेल्या काठीकडे असा टक लावून बघत होता की जणू ती आता बोलेल. मागे पाणी एकेक पायरी चढत होतं. ते त्याच्या डाव्या बुटाखाली शिरलं. बूट हलला, डगमगला आणि निघाला.

धावत जाऊन सांगता आलं असतं. पण तिच्यासमोर माईक होता. डिझेलच्या आणि बर्फाच्या पावत्या फाडणं हे तिचं काम, आणि दिवसातून दोनदा छपरावरच्या भोंग्यावरून वारा, पाऊस अन् भरती-ओहोटीच्या वेळा सांगणं हा तिचा मान. बंदरात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांची ती भोंगेवाली. तिनं बटण दाबलं.

“जेटीवरच्या साहेबांना कळवण्यात येतं की त्यांचा डावा बूट प्रवासाला निघालेला आहे. उजव्याची तयारी चालू आहे.”

अख्खं बंदर हसलं. जाळी विणणारे हसले, बर्फ फोडणारे हसले. तो मात्र आधी आकाशाकडे बघू लागला, आवाज वरून आला म्हणून… मग पाण्यात उडी, मग झटापट, आणि पाच मिनिटांनी खिडकीशी एक निथळणारा माणूस, हातात निथळणारा बूट.

“मघाचा आवाज तुमचा?”

“कुठला?”

“बूटवाला.”

“मी भरतीची वेळ सांगत होते,” ती साळसूदपणे म्हणाली. “बूट मध्ये आला.”

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला आणि त्यानं तो ओल्या बोटानं वर ढकलला, त्यामुळे काच आणखीच ओली झाली. तिला ते उगाचच आवडलं. समुद्रातल्या भरतीवर वीज काढणारी एक कंपनी होती, तिच्यातर्फे पाणी मोजायला तो आला होता. पुढचे चार महिने मुक्काम इथेच.

“एक विचारू? ह्या होड्या मासे धरायला कुठे जातात?”

“तिकडे.” तिनं दक्षिणेकडे हात केला.

“नक्की?”

“अगदी.”

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “खोटं बोलताय तुम्ही.”

“कशावरून?”

“आयुष्यभर अनोळखी गावांत रस्ते विचारत फिरतोय मी. खरा रस्ता सांगणारा माणूस आधी जरा थांबतो. वळणं डोळ्यांसमोर आणतो. तुम्ही फार पटकन बोललात.”

ती चक्क लाजली. जन्म गेला होता बंदरात, कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती तिनं. आणि हा एक बूटवाला, पहिल्याच दिवशी!

*

खरं तर त्यात तिचा दोष नव्हता. त्या बंदराची रीतच तशी होती. आपण मासे कुठे धरतो हे कुणी कुणाला सांगत नसे… भावाला नाही, बायकोला नाही. होडी बंदरातून सुटली की आधी मुद्दाम दक्षिणेला जायची. गाव नजरेआड झालं, मागे कुणी नाही अशी खात्री पटली, की मग वळायची खऱ्या जागेकडे. परत आल्यावर कुणी विचारलं, “आज कुठे?” की उत्तर ठरलेलं, “तिकडेच, नेहमीच्या ठिकाणी.” नेहमीचं ठिकाण म्हणजे कुठलं, हे विचारणारा मूर्ख आणि सांगणारा महामूर्ख.

तिला मात्र एक जागा माहीत होती. ती अकरा वर्षांची असताना काकाचा हात मोडला आणि एक अख्खा हंगाम बाबांना होडीवर दुसरं माणूस नव्हतं. तेव्हा त्यांनी तिला नेलं. टेकडीवरची पाण्याची टाकी दीपगृहामागे लपली आणि बर्फाच्या कारखान्याचं धुराडं काळ्या खडकाच्या टोकावर आलं की नांगर टाकायचा. दीपगृह आणि काळा खडक यांच्या मधला तो पट्टा. पाणी तिथं इतकं धावतं की होडी उभी राहणं मुश्कील. पण भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये पाव-अर्धा तास तिथलं पाणी उभं राहतं… एकदम गप्प. तेवढ्या वेळात गळ सोडायचे. बाहेर कुठेही मिळणार नाही असा मासा तिथे वर येतो. त्या पाव-अर्ध्या तासावर बाबांनी घर बांधलं, तिला शिकवलं, तिच्या आईचं आजारपण काढलं.

“कुणाला सांगशील?” बाबांनी तेव्हा विचारलं होतं.

“कुणालाच नाही.”

“सांगितलं की गेलं, पोरी. जे जपायचं ते बोलायचं नसतं.”

*

नकाशेवाला (हे नाव गावानं त्याला दोन दिवसांत चिकटवलं) दोरखंडाच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आला. खोलीभर नकाशे. भिंतीवर नकाशे, पलंगावर नकाशे. झोपताना तो नकाशाच पांघरत असेल असं दुकानदार म्हणायचा. रोज सकाळी भोंगा वाजायच्या आधी तो खिडकीशी हजर.

“आज भरती किती वाजता?”

“तुमच्याकडे दीड लाखाचं यंत्र आहे ना? त्यात नसते का?”

“असते की.”

“मग?”

“यंत्र हसत नाही.”

“मीही हसत नाही.”

“आत्ता हसलात.”

“हे हसू नाही. दात दुखतोय माझा.”

असं सगळं. डिझेलच्या पावतीसाठी रांगेत उभे असलेले लोक खाकरायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे. ती वरवर रागवायची आणि दुसऱ्या दिवशी निळा कुर्ता घालून यायची, कारण निळ्या कुर्त्याला तो एकदा “अरे वा” म्हणाला होता.

संध्याकाळी दोघं लाटा अडवायच्या लांब धक्क्यावर टोकापर्यंत चालत जायची. तो हातवारे करून सांगायचा. पाण्याखाली चक्क्या बसवायच्या, पवनचक्क्यांसारख्याच, फक्त वाऱ्याऐवजी पाण्यावर फिरणाऱ्या. वारा लहरी असतो, ऊन ढगाआड जातं, पण भरती? भरती कधी सुट्टी घेत नाही.

“पवनचक्की बुडवायची म्हणजे,” ती म्हणाली.

“बुडवायची काय! तुमच्या बर्फाच्या कारखान्याची वीज आठवड्यातून तीनदा जाते. परवा जेटीवर अर्धा टन मासा सडला, बघितलं ना मी. ती वीज तुमच्याच समुद्रातून आली तर?”

हे बोलताना तो लहान मुलासारखा दिसायचा. तिला त्याचं म्हणणं पटायचं. जेटीवर सडणारा मासा तिनं लहानपणापासून पाहिला होता.

एकदा धक्क्याच्या टोकाशी असतानाच सर आली. आडोसा नाही, छत्री नाही. त्यानं अंगातला रेनकोट काढला आणि घाईघाईनं हातातल्या नकाशाच्या नळीला गुंडाळला.

“आधी नकाशा?” ती ओरडली. “आणि मी?”

“नकाशा भिजला तर पुन्हा काढावा लागतो.”

“आणि मी भिजले तर?”

“तू भिजलीस तर…” तो थांबला. बराच थांबला. पाणी त्याच्या चष्म्यावरून वाहत होतं. “तू भिजलीस तर मला नुसतं बघत बसावं लागेल.”

तू. तो तिला पहिल्यांदा तू म्हणाला होता. दोघांनाही ते ऐकू आलं आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं. परतताना धक्क्याच्या निसरड्या दगडांवर त्यानं हात पुढे केला. तिला त्या दगडांची एकेक भेग पाठ होती, डोळे मिटून ती पळाली असती. तरी तिनं हात धरला, आणि दगड संपून पक्का रस्ता लागला तरी सोडला नाही.

*

मग फुल्यांचा दिवस आला.

कंपनीचा नियमच होता. चक्क्या कुठे बसवायच्या हे ठरण्याआधी मच्छीमारांनी आपापल्या जागा नकाशावर दाखवायच्या. तिथं चक्क्या येणार नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यानं टेबलभर नकाशा पसरला, निळ्या पेन्सिली ठेवल्या. जिथं मासे धरता तिथं फुली, बाजूला सही.

एकेचाळीस जण आले. पेन्सिल हातात घेताना प्रत्येकानं डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे पाहिलं. मग फुली मारली. पहिली दक्षिणेला, दुसरी दक्षिणेला… बाबांचा नंबर आला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, नकाशावर वाकले, अगदी विचारात पडल्यासारखं केलं आणि अशा जागी फुली मारली जिथं बुडालेल्या खडकांशिवाय काहीही नव्हतं. सही करताना त्यांनी तिच्याकडे पाहून हळूच डोळा मारला.

तिला हसू आवरेना. एकेचाळीस म्हातारे-तरुण, सगळे एकजात लबाड, सगळे गंभीर चेहऱ्यानं समुद्राच्या रिकाम्या जागी फुल्या मारताहेत! त्याला सांगावं असं तिच्या मनात आलंही. पण वाटलं, असू दे, कागदच तर आहे. आणि बाबांना तोंडघशी कशाला पाडायचं?

पुढे कितीदा तरी ती मनानं त्या दिवसाकडे परत गेली. तेव्हा हसत हसत एक वाक्य बोलली असती, तर सगळं तिथंच निभावलं असतं.

पंधरा दिवसांनी तो धापा टाकत खिडकीशी आला. पावसाचे थेंब पुसायचंही त्याला भान नव्हतं. “जागा मिळाली! चल, दाखवतो.”

दोरखंडाच्या दुकानावरच्या त्या खोलीत भिंतीवर नवा नकाशा होता. खालचा भाग निळ्या फुल्यांनी गजबजलेला. आणि वर, दीपगृह आणि काळ्या खडकाच्या मध्ये, एक कोरा करकरीत पट्टा. त्यावर त्यानं लाल पेन्सिलीनं चोवीस टिंबं काढली होती.

“सगळ्यात जोरदार पाणी, आणि एकही फुली नाही! आठ दिवस आमची बोट तिथं होती, एक होडी फिरकली नाही. असं कुठे घडत नाही गं. मी तर म्हणतो, तू माझं नशीब घेऊन आलीस.”

कंपनीची पांढरी बोट दिसली की लांबूनच होड्या वळवून सगळे परत फिरायचे, हे त्याला कोण सांगणार?

“चक्क्या बसल्यावर…” तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. “तिथं होड्या जाऊ शकतात?”

“छे. जाळं नाही, गळ नाही, नांगर तर नाहीच. पट्टा बंद. तीस वर्षांसाठी.” तो वळला. “काय झालं?”

“काही नाही. दात दुखतोय,” ती म्हणाली. या वेळी तो हसला आणि ती हसली नाही.

*

जेवताना तिनं विषय काढला. बाबांचा हात ताटात थांबला.

“दुसरीकडे बसवा म्हणावं.”

“दुसरीकडे तुमच्याच फुल्या आहेत, बाबा! खोट्या. जाऊन एक खरी मारा. मी उद्या त्याला सांगते की चूक झाली.”

“आणि परवा दहा गावच्या होड्या तिथं येऊन बसतील.”

“चक्क्या आल्या तर तुमचीही बसणार नाही.”

“बाकीचेही जातात तिथं. मला काय ठाऊक नाही? पाठ करून बसतात, मी दिसलो की तोंड फिरवतात. त्यांना सांगू दे. पहिला मीच का?”

तिनं बाकीच्यांना विचारून पाहिलं. डिझेलची पावती फाडता फाडता, सहज म्हणून. एकानं आश्चर्यानं भुवया उंचावल्या, “त्या पट्ट्यात? आम्ही कुठे जातो तिथं?” दुसरा म्हणाला, “दुसरे जात असतील तर सांगतील की.” प्रत्येक जण दुसऱ्यानं तोंड उघडायची वाट बघत होता. आई तेवढी म्हणाली, “तुझ्या बाबांनी मला पस्तीस वर्षांत नाही सांगितलं, ते नकाशाला सांगतील?”

चक्क्यांना कुणाची हरकत आहे का हे विचारणाऱ्या जनसुनावणीला नऊ दिवस उरले होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी धक्क्याच्या टोकाशी उभं राहून तिनं त्याला सांगितलं. टाकी, दीपगृह, धुराडं, काळा खडक. मध्ये कितीदा तरी थांबली. अकराव्या वर्षी दिलेला शब्द मोडत होती ती.

तिचं सांगून संपल्यावर तो चष्मा काढून पुसत राहिला. “एकेचाळीस सह्या आहेत माझ्याकडे,” तो शेवटी म्हणाला. “माणूस तोंडानं थट्टा करतो हे माहीत होतं मला. पण सहीखाली…? मला वाटलंच नाही गं.”

“माझ्यावर विश्वास आहे?”

“तू आज थांबून थांबून बोललीस.” तो कसंनुसं हसला. “विश्वास माझा आहे. पण साहेबांना कागद लागतो. कुणाची तरी एक सही दे मला. एकच.”

“नाही मिळणार.”

“तुझी?”

“माझी सही म्हणजे बाबांच्या तोंडाला काळं फासणं. माझं नाव घेऊ नकोस, पाया पडते.”

त्यानं तिचा हात हातात घेतला. “बरं. नाव नाही घेणार. पण पट्ट्यावर रेघा मारून मी तो सुनावणीत मांडतो, मासेमारीची शक्यता आहे, पुन्हा तपासा म्हणून. साहेब मला खातील… खाऊ देत. मी एकदा विचारलं ना सगळ्यांसमोर, की तुमच्या गावातलं कुणीतरी ‘हो’ म्हणेलच. एकानं म्हटलं तरी पुरे.”

“आणि कुणीच नाही म्हटलं तर?”

“असं कसं होईल? त्यांचं घर आहे ते.”

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. माणसं आपलं घर वाचवायला खरं बोलतात यावर त्याची श्रद्धा होती. तिला त्या क्षणी तो इतका आवडला की सांगायची सोय नाही. आणि तिनं ते सांगितलंही नाही.

*

सुनावणी सोसायटीच्याच हॉलमध्ये झाली. समोर सरकारी अधिकारी, शेजारी कंपनीचे साहेब, भिंतीवर नकाशा. बोलणाऱ्याच्या तोंडापुढे माईक नेऊन धरायचं काम भोंगेवालीकडे, हे ओघानंच आलं.

नकाशेवाला उठला. नीट बोलला. दीपगृह आणि काळ्या खडकामधल्या पट्ट्यावर त्यानं जाड रेघा मारल्या होत्या. “इथं पाणी उभं राहतं तेव्हा मासेमारी होते अशी माहिती मला मिळाली आहे. कुणी जात असेल तर आज सांगावं. हा पट्टा मग आम्हाला सोडावा लागेल.”

एकेचाळीस जणांनी त्या रेघा पाहिल्या आणि प्रत्येकाला वाटलं की फुटली ती आपलीच जागा. साहेबांनी नकाशेवाल्याकडे असं पाहिलं की बास. अधिकाऱ्यांनी पहिल्या रांगेतल्या सगळ्यात जुन्या मच्छीमाराकडे बोट केलं. “आजोबा, तुम्ही सांगा. जाता का तिथं?”

ते तिचे बाबा होते.

ती माईक घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. बाबांनी आधी नकाशाकडे पाहिलं, टाकीच्या, दीपगृहाच्या, धुराड्याच्या खुणांकडे. मग तिच्याकडे. त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलं. त्यांचा खालचा ओठ जरासा हलला. ते रागावले असते तर बरं झालं असतं, तिला वाटलं. ते फक्त एकदम म्हातारे दिसले.

“तिथं?” बाबा माईकमध्ये म्हणाले. “तिथं कोण जातंय मरायला, साहेब!”

लोक हसले. सुटल्यासारखे, जरा जास्तच मोठ्यानं हसले.

“मग ही माहिती तुम्हाला दिली कुणी?” अधिकाऱ्यांनी नकाशेवाल्याला विचारलं.

फक्त एकदा, अगदी क्षणभर, त्यानं तिच्याकडे पाहिलं. नाव घेणार नाही म्हणाला होता, नाही घेतलं. पण त्या नजरेत त्यानं विचारलं: तू?

माईक तिच्याच हातात होता. रोज दोनदा ज्या आवाजानं गाव घड्याळं लावायचं तो आवाज तिच्याच गळ्यात होता. “मी दिली” एवढे दोनच शब्द. पण समोर बाबा बसले होते. सगळ्या गावासमोर त्यांना लबाड म्हणायचं? तिनं मान खाली घातली आणि माईकच्या वायरकडे बघत राहिली.

“आणखी कुणाला काही बोलायचंय?” अधिकाऱ्यांनी विचारलं. थोडं थांबले. मग वहीत लिहिलं: हरकत नाही.

*

खात्री न करता माहिती मांडली म्हणून साहेबांनी त्याच संध्याकाळी त्याला मुख्य कचेरीत परत यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिडकीशी आला. बारीक पाऊस होता. पाठीवर सॅक, हातात नकाशाची नळी, पायात तेच बूट. डावा अजून पांढरट होता, खारट पाण्यानं.

“माझी बस साडेतीनची.”

“माझा भोंगाही साडेतीनचा,” ती म्हणाली. काय बोलावं हे सुचत नसलं की माणूस असलंच बोलतो.

“काल मी तुझ्याकडे बघायला नको होतं.”

“मी…”

“राहू दे. बाबा होते ते तुझे. तुझ्या जागी मी असतो तर मलाही जमलं नसतं.”

त्यानं आदळआपट केली असती, टाकून बोलला असता, तर तिला रडता तरी आलं असतं. तो नळीच्या झाकणाशी चाळा करत राहिला. “मला एकच विचारायचंय. पट्टा, नकाशा सगळं बाजूला ठेव. तुझ्या मनात माझ्याबद्दल काही आहे का? असेल तर… मी बस सोडतो. नोकरी जायची ती जाईल. इथं दोरखंड विकेन, बर्फ फोडेन, पण राहीन.”

तिच्या डोळ्यांसमोर एका दमात सगळं उभं राहिलं. ज्या गावानं त्याला हसून हाकललं त्याच गावात बर्फ फोडणारा तो. कालपासून तिच्याशी एक शब्द न बोललेले बाबा. हातात माईक असून मुकी राहिलेली ती स्वतः. आणि या सगळ्याच्या खाली, खूप खोल, अकराव्या वर्षी शिकलेलं ते एक वाक्य.

“नाही,” ती म्हणाली.

तो बघत राहिला. ती वाट बघत होती… आता तो चष्मा वर ढकलेल, आता म्हणेल, ‘खोटं बोलतेयस, फार पटकन बोललीस.’ तिनं खिडकीचा गज इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. ओळख ना रे. पहिल्या दिवशी ओळखलंस, आज ओळख.

पण दुखावलेल्या माणसाला एवढं बारीक ऐकू येत नाही. आणि हा तर जिथं फुली असेल तिथं विश्वास ठेवणारा माणूस होता.

“बरं,” तो म्हणाला. “येतो.”

साडेतीनला तिनं बटण दाबलं. वारा सांगितला, पाऊस सांगितला, भरतीची वेळ सांगितली. भोंगा टेकडीच्या वळणापर्यंत ऐकू जातो हे तिला माहीत होतं. बस अजून वळणाशी पोचली नसेल, या हिशेबानं तिनं भरतीची वेळ पुन्हा एकदा सांगितली. बंदरात लोकांना वाटलं, आज भोंगेवाली विसरली.

*

चक्क्या बसल्या. दीपगृह आणि काळ्या खडकाच्या मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयांची रांग आली. बर्फाच्या कारखान्याची वीज आता जात नाही, जेटीवर मासा सडत नाही. खरं म्हणजे सडण्याइतका तो येतच नाही. बोया लागल्या त्या आठवड्यात गावात कुणीच कुणाशी बोलेना. मग हळूहळू एकेकाच्या तोंडून निघू लागलं, “माझीही जागा तिथंच होती रे.” एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांची!

बाबा रोज होडी काढतात. बंदरातून सुटले की आधी दक्षिणेला जातात, सवयीनं. गाव नजरेआड होईपर्यंत जातात. मग वळायला जागाच नसते, म्हणून तसेच पुढे जातात आणि चार हलके मासे घेऊन परत येतात.

दोन वर्षं झाली. एका दुपारी ते तिच्या खिडकीबाहेर बाकड्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते. त्या सुनावणीबद्दल बाप-लेकीत आजवर अवाक्षर निघालं नव्हतं.

“तो नकाशेवाला,” बाबा मान वर न करता म्हणाले. “तुला आवडायचा का गं?”

“नाही,” ती म्हणाली.

बाबांची सुई थांबली. ज्यांनी जन्मभर तसलीच उत्तरं दिली होती, त्यांना ती दुसऱ्याच्या तोंडची ओळखायला वेळ लागला नाही.

“फार पटकन बोललीस, पोरी,” ते म्हणाले.

पट्ट्यातलं पाणी उभं राहायची वेळ झाली होती. घड्याळ न बघताच दोघांनी तिकडे पाहिलं.